आपली खुर्ची आपण घ्यायची

समजा, तुम्हाला एका हॉलमध्ये खुर्च्या मांडायच्या आहेत आणि माणसं किती येणार ते नक्की माहीत नाही. जास्त मांडल्या तर हॉल ओकाबोका दिसतो, कमी मांडल्या तर ऐनवेळी धावपळ. काय कराल?

लिफ्टताईने यावर तोडगा काढला होता. दुमडत्या खुर्च्या भिंतीशी रचून ठेवायच्या. जो येईल त्याने आपली खुर्ची आपण घ्यायची आणि गोलात बसायचं. एकही रिकामी राहत नाही. या नियमाचा तिला कोण अभिमान!

ताई लिफ्ट दुरुस्त करायची. सव्वीस वर्षांत हाताला ग्रीसचा वास कायमचा चिकटला होता. वडील चर्चची घंटा वाजवायचे. आई अजूनही दर रविवारी पहिल्या बाकावर. ताईचा मात्र देवावरचा विश्वास कधीतरी, भांडणतंटा न होता, उडाला. प्रार्थनेत ओठ हलायचे, आत काही हलायचं नाही. खोटं वागणं जमेना, म्हणून तिने जाणं सोडलं. मग रविवारची सकाळ तिला खायला उठू लागली. देव नको होता, पण माणसं हवी होती. शेवटी तिने वर्कशॉपच्या वरचा हॉल मागून घेतला आणि बैठक सुरू केली. एकाने काहीतरी सांगायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मग चहा. तिथे येणाऱ्या बेकरीवाल्याने बैठकीला नाव दिलं, 'बिनदेवाचं चर्च'.

"नुसत्या गप्पाच मारायच्या तर पायरीवर बसून मारा की," आई म्हणायची.

"पायरीवर चहा नसतो, आई."

एका रविवारी शाळेच्या बाई मधमाश्यांवर बोलल्या. हशा झाला, चहा झाला. ट्रे उचलायला गेलेली ताई थबकली. एक कप भरलेला तसाच होता. साय धरलेला, बिनसाखरेचा.

"काकांनी चहा घेतला नाही?"

घड्याळवाले काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, एकटे राहणारे. आठला चर्च, दहाला बैठक. "दोन्हीकडचा चहा पिऊन मग ठरवेन," हा त्यांचा नेहमीचा विनोद.

"होते की इथेच," बेकरीवाला म्हणाला.

"कुठे?"

"म्हणजे... असतातच ना नेहमी."

"आज पाहिलंस का तू?"

बेकरीवाल्याने बाईंकडे पाहिलं, बाईंनी खिडकीकडे.

ताईने फोन लावला. तो वाजत राहिला. पुन्हा लावला. मग तिने हत्यारांची पिशवी उचलली, कडी तोडावी लागली तर असावी म्हणून, आणि ती धावत सुटली.

तिसऱ्या मजल्यावर काकांचं दार सताड उघडं होतं. कडी आधीच उचकटलेली. लाकडाच्या ढलप्या उंबऱ्यावर पडलेल्या. आतून नुसती घड्याळांची टिकटिक.

"काका!"

मोरीतून आई बाहेर आली. हातात ओलं फडकं.

"ओरडू नकोस. हॉस्पिटलमध्ये नेलंय. रात्री मोरीत पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलंय. पण शुद्धीवर आहेत."

ताईने हत्यारांची पिशवी खाली ठेवली. "तुला कसं कळलं?"

"कळायचं काय त्यात? डावीकडचा तिसरा बाक, भिंतीकडची जागा. रिकामी दिसली. पहिलं गाणं संपायच्या आत दोघांना पिटाळलं." आईने फडकं पिळलं. "तुमची बैठक किती वाजता गं?"

"दहाला."

"आणि आता किती वाजले?"

समोरच्या भिंतीवर अकरा घड्याळं होती आणि सगळी बरोबर चालत होती. बारा वाजून दहा.

"देवाने कानात नाही सांगितलं मला," आई जरा हळू आवाजात म्हणाली. "मान वळवून बघितलं, एवढंच."

आठवडाभर ते वाक्य ताईच्या डोक्यातून जाईना. लिफ्टचं एक दार बोटभर जरी उघडं राहिलं तरी लिफ्ट जागची हलत नाही. दर खेपेला प्रत्येक दार तपासलं जातं. ती तपासणारी बटणं तिने शेकड्यांनी बसवली होती, आणि स्वतःच्या हॉलमध्ये माणूस नाही हे कळायला थंड चहा लागला.

पुढच्या रविवारी साडेनऊलाच तिने खुर्च्या मांडल्या. यादी कधी केलीच नव्हती, म्हणून दर वेळी लागणारे कप मोजले. स्वतःला धरून बत्तीस. तेवढ्याच खुर्च्या.

"आज आयत्या खुर्च्या? मजा आहे बुवा!" बेकरीवाला म्हणाला.

"बस गप. आणि यापुढे दर रविवारी तिथेच बसायचं."

दहा वाजले. मग दहा वाजून दहा. दोन खुर्च्या रिकाम्या राहिल्या. एक काकांची. तिच्यावर बेकरीवाल्याने हॉस्पिटलमध्ये न्यायचा पाव ठेवला होता. दुसरी दाराजवळची.

"जास्तीची मांडली असशील," कोणीतरी म्हणालं.

पण गेल्या रविवारी एकच कप उरला होता. ताई एकेक चेहरा पाहत गेली. सगळे ओळखीचे. जो नव्हता तो काही केल्या डोळ्यांपुढे येईना. बाईंनी बोलायला घसा साफ केला.

"थांबा, बाई." ताई म्हणाली. "आधी सगळ्यांनी मान वळवून बघा. ही खुर्ची कोणाची?"