बेसिनमध्ये गेलेलं आवरण

मित्रांनो, आज मी स्वतःच्याच हातानं स्वतःचं काम बेसिनमध्ये ओतलं.

पेशीच्या केंद्रकाभोवतीचं आवरण वेगळं काढून तपासायचं, हा माझा पीएचडीचा विषय. सकाळीच नानाखेड्याच्या खाटकाकडून बकऱ्याचं लिव्हर बर्फात घालून आणलं. दुपारी गरगर फिरवणाऱ्या मशीनमधून नळी काढली, तेव्हा सोललेली केंद्रकं तळाशी बसली होती आणि सुटलेलं आवरण वरच्या पाण्यात होतं. पण चार वर्षं आधीच्या पायरीवर, नुसती केंद्रकं वेगळी करण्यातच गेली, तेव्हा मला तळच लागायचा ना! सवयीनं वरचं पाणी फेकलं, तळ जपून ठेवला.

माझे गाइड सर म्हणाले, "कोई बात नहीं बेटा, फिर से कर लो." शुक्रवारी सर रिटायर होतायत, मग लॅबला कुलूप. पुन्हा करायला वेळ नाही, हे दोघांनाही माहीत आहे.

घरी आईनं विचारलं, "झालं का गं एकदाचं?" मी हो म्हटलं.

तिनं लगेच देवापुढे साखर ठेवली.

आता तिला काय सांगू?