घोट्याचा सौदा

साकीनाक्याला मी जुनी लेथ मशीनं घेतो आणि विकतो. अशाच एका मशीनखाली घोटा चिरडला, आणि पहिल्या डॉक्टरने स्क्रू घालून तो सांधा कायमचा जाम करून टाकला. म्हणाला, वाकणार नाही, पण दुखणारही नाही. वाकणं गेलं, दुखणं राहिलं. त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही.

काही वर्षं तशीच ओढली. मग मुलुंडच्या एका डॉक्टरीणबाईंचं कळलं. जाम केलेला घोटा मोकळा करून त्या तिथे कृत्रिम सांधा बसवतात. मला तो हवाच होता. पण आमच्या धंद्यात गरज दाखवली की मेलास. मशीन कितीही आवडलं तरी तोंड वाकडं करून उभं राहायचं. अंगातच मुरलंय ते. बाईंनी विचारलं, "किती दुखतं?"

"चालतंय. अगदीच काही अडलेलं नाही."

त्यांनी एक्स-रे खाली ठेवला. "मग कशाला कापायचं? हे ऑपरेशन सोपं नसतं. पट्टा बांधा आणि तसंच चालवा."

सौदा असा कधी हातातून गेला नव्हता.

शेजारी बसलेली बायको भडकली. "काय चालतंय हो? जिना बसून उतरता ना घरी? बाई, जवळ नुसतं गेलं तरी अंगावर ओरडतात हे."

"तू गप्प बस गं!"

"हे बघा. असं."

बाईंना हसू आलं, मला नाही. त्यांनी बूट काढून चालायला लावलं. जरा पुढे जाऊन मी भिंत धरली. म्हणालो, "दुखतं हो. खूप दुखतं." तेवढं बोलूनच दमलो.

"बाहेरच्या बाजूचं हाड शाबूत आहे, म्हणून करता येईल," बाई म्हणाल्या. "दुखणं बरंच कमी होईल. वाकेल मात्र थोडंच."

"थोडं म्हणजे? जरा वाढवा ना."

"ते माझ्या हातात नाही."

ऑपरेशननंतर प्लास्टर निघालं त्या दिवशी बाईंनी पाऊल वर उचलायला सांगितलं. हललं, जेमतेम. एवढ्यासाठी इतकी वर्षं गेली, या विचाराने डोकं पुन्हा तापलं, पण भांडायला तो पहिला डॉक्टर समोर नव्हता आणि अंगात त्राणही नव्हतं.

"दुखतंय?" बायकोने विचारलं.

"नाही."

तिने विश्वास ठेवला नाही. वाकून स्वतः घोटा दाबून पाहिला, माझ्या तोंडाकडे बघत.