हशा ऐकून सोडलेली नोकरी

मी एकदा हशा ऐकून नोकरी सोडली. चांगली कायम झालेली, दिवाळीला बोनस देणारी, कारखान्याच्या बसने नेणारी-आणणारी नोकरी. लोक साहेबाच्या जाचाने सोडतात, बाळंतपणासाठी सोडतात, नवऱ्याची बदली झाली म्हणून सोडतात. मी स्नेहसंमेलनात चार माणसं हसून खुर्चीवरून घसरली, तेवढ्यावर सोडली. आता माझी नात कुठल्याशा मोठ्या कंपनीतून बाहेर पडली आणि "आजी, मी फ्रीलान्स आहे" असं ऐटीत सांगते. आमच्या वेळी त्याला एकच शब्द होता. घरी बसलीय.

ठाणे-बेलापूर रस्त्यावर, शिरवण्याच्या बाजूला आमचा रंगांचा कारखाना होता. मी तिथे टेलिफोन ऑपरेटर. समोर बोर्ड, कानाला हेडफोन, हातात वायरी. ह्या भोकातली वायर त्या भोकात खोचली की विक्रीसाहेब खरेदीसाहेबांशी भांडायला लागत. दिवसभर साहेबांचे आवाज ऐकायचे, ऐकू नये तेवढे ऐकायचे. काही वर्षांत ते आवाज कानातून घशात उतरले. मोठे साहेब 'हॅलो' म्हणायच्या आधी घसा साफ करत. ते खाकरणं कुठून सुरू होतं, मध्ये कुठे अडतं आणि कसं सुटतं, हे त्यांच्या बायकोपेक्षा मला जास्त ठाऊक होतं. खरेदीसाहेबांचं प्रत्येक वाक्य 'समजा'ने सुरू व्हायचं. "समजा, मी हो म्हटलं," असं म्हणत म्हणत ते नाही म्हणायचे.

त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात पॅकिंगमधल्या मंडळींनी मला स्टेजवर ढकललं. हातात फोनचा मोडका रिसीव्हर दिला. मी त्यावर सगळ्या साहेबांना एकमेकांशी बोलायला लावलं: कॅन्टीनमधला पंखा कोणी दुरुस्त करायचा, एवढाच विषय. मोठ्या साहेबांचा घसा साफ व्हायला लागला आणि मांडव कोसळतो की काय असं झालं. खुद्द मोठे साहेब चष्मा काढून डोळे पुसत होते. कॅन्टीनवाला भज्यांची कढई गॅसवर तशीच टाकून बघायला आला आणि त्या दिवशीची भजी काळी झाली, तीही लोकांनी हसत हसत खाल्ली. खाली उतरले तर पॅकिंगमधला एकजण म्हणाला, "बाई, तुमी त्या बोर्डावर काय करताय?"

त्याने आपलं सहज विचारलं होतं. मी मात्र देवळात कौल लागल्यासारखी घरी आले आणि रात्रभर छताकडे बघत राहिले. सव्वीस-सत्तावीसचं वय. त्या वयात अक्कल नसते असं नाही, पण ती कुठे ठेवलीय ते सापडत नाही.

पुढच्याच महिन्यात मी मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये गेले. वाक्य घरून पाठ करून आणलं होतं. पण घाबरले की माझा आवाज माझा राहत नाही, ही खोड जुनी. "सर, मी राजीनामा देतेय," हे वाक्य आधी घसा साफ करून, मध्ये अडकून, हुबेहूब त्यांच्याच आवाजात बाहेर पडलं. साहेबांनी आपलाच घसा चाचपून पाहिला. मग म्हणाले, "कारण?"

"कला," मी म्हणाले. हे मात्र माझ्या स्वतःच्या आवाजात होतं. तेच जास्त वाईट.

माणूस भला होता. म्हणाले, "दिवाळीपर्यंत बोर्डावर तात्पुरती मुलगी बसवतो. पाडव्यानंतर तिला कायम करावं लागेल. तोवर परत यावंसं वाटलं तर या. कुणी काही विचारणार नाही." मी त्यांच्याकडे कीव केल्यासारखी हसले. आठवलं की अजून कान तापतात.

घरी नवरा म्हणाला, "बघ." तो कशालाही 'बघ'च म्हणे, भाजीला मीठ कमी पडलं तरी 'बघ'. सासूबाई चिपळूणकडच्या, त्यांना असं मोघम चालत नसे.

"कला म्हणजे नक्की काय करणार गो?"

"एकपात्री कार्यक्रम."

"एकपात्री म्हणजे एकटीनेच बोलायचं?"

"हो."

"ते तू आत्ताही करतेस. त्यासाठी माणसं कशाला बोलवायची?"

आम्ही तेव्हा वाशीत नुकतेच राहायला आलो होतो. नवीन शहर, नवीन इमारती, गच्चीवर गेलं की एकीकडे खाडी आणि दुसरीकडे उघडं माळरान. घराचे हप्ते चालू होते, आणि माझ्या पगाराशिवाय ते फार दिवस चालणार नाहीत हे नवऱ्याला कळत होतं, सासूबाईंना कळत होतं. मला कळायला दिवाळीपर्यंतचा वेळ होता.

पहिला कार्यक्रम गणपतीत, आमच्याच सेक्टरच्या मंडळात. नवी जरीची साडी, हातात तोच रिसीव्हर. तो मी कारखान्यातून आठवण म्हणून मागून आणला होता. मी रुबाबात घसा साफ केला. मोठ्या साहेबांचा, सर्व टप्प्यांसकट.

मांडवात चिडीचूप.

मला वाटलं, माइक बंद असेल. पुन्हा केला. तिसऱ्या रांगेतल्या एका गृहस्थांनी खिशातून खोकल्याची गोळी काढली आणि स्टेजकडे पाठवून दिली. मी तशीच रेटत राहिले. खरेदीसाहेब झाले, विक्रीसाहेब झाले. लोक सभ्य होते, कीर्तनाला बसावं तसे बसले होते. सासूबाई पहिल्या रांगेत, चेहऱ्यावर 'मी हिला ओळखत नाही' असा भाव.

आणि तेवढ्यात पाणी आलं.

हे नव्या माणसाला सांगायला हवं. आमच्या सेक्टरात पाण्याला वेळ नव्हती. ते त्याच्या मर्जीने यायचं, नि घटकाभर राहून जायचं. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक वहिनी राहायच्या, जालन्याकडच्या. त्यांचा नळ सगळ्यांत आधी फुरफुरायचा. तो फुरफुरला की त्या पदर खोचून अंगणात येत, तोंडाशी हात धरत आणि आरोळी ठोकत: "पानी आलंऽऽऽ." शेवटचं अक्षर चौथ्या इमारतीपर्यंत जायचं. हे काम त्यांना कुणी दिलं नव्हतं. पण त्यांची आरोळी ऐकली की माणसं ताटावरून उठत, पूजेवरून उठत. त्या दिवशी वहिनी नेमक्या घरी होत्या. आरोळी आली आणि माझे प्रेक्षक क्षणात नाहीसे झाले. सासूबाई सर्वांत पुढे होत्या.

मंडळाच्या अध्यक्षांनी मागाहून समजूत काढली. "ताई, कार्यक्रम उत्तम होता. फक्त ते साहेब कोण, हे लोकांना आधी सांगायला पाहिजे होतं."

मी सल्ला मनावर घेतला. पुढचा कार्यक्रम नेरुळला, एका सोसायटीच्या उद्घाटनाला. तिथे मी सुरुवातीलाच कारखाना कुठे आहे, किती खाती आहेत, कोण साहेब कोणाच्या हाताखाली आहेत, कोणाचं कोणाशी पटत नाही, अशी सगळी माहिती दिली. लोकांनी फार लक्ष देऊन ऐकली. मग मी घसा साफ केला. पुन्हा शांतता. पण ह्या वेळी कार्यक्रम संपल्यावर दोघं-तिघं स्टेजपाशी आले, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. चला, कुणीतरी कौतुक करायला आलं. त्यातला एक म्हणाला, "मॅडम, तुमच्या कंपनीत फिटरची जागा आहे का? माझा भाऊ आयटीआय झालाय."

त्या रात्री जेवताना मी रडायच्या बेतात होते. म्हटलं, ह्या लोकांना विनोदबुद्धीच नाही. सासूबाईंनी शांतपणे भाकरी मोडली.

"लोकांना कशाला बोलतेस? तुझे साहेब त्यांचे कोण लागतात? त्यांचे त्यांना साहेब आहेत. ह्या गावात कुणी जालन्याहून आलंय, कुणी राजापुराहून, कुणी गिरगावातून. कुणी कुणाला ओळखत नाही. तू नक्कल करतेस ती बरोबर का चूक, हे त्यांना कळणार कसं?"

हे मला लागलं, पण पटलं नाही. पटलं असतं तर पुढे सांगण्यासारखं काही घडलं नसतं. मी सिनेनटांचे आवाज काढून पाहिले. सगळे नट मोठ्या साहेबांसारखे घसा साफ करू लागले. मग पशुपक्ष्यांकडे वळले. कोंबडा फार छान जमला. पण एका कोंबड्यावर अर्धा तास कसा काढायचा?

दसरा झाला. कुणी बोलवेना. शेवटी मंडळाने एका रविवारी संध्याकाळी जादूगार ठरवला होता, तो आलाच नाही, म्हणून अध्यक्ष धावत आमच्या दारात. "ताई, अर्धा तास काढा फक्त." मी नवऱ्याला म्हटलं, "आज नाही जमलं तर पाडव्यानंतर मी बोर्डावर जाऊन बसते." तो पहिल्यांदाच 'बघ' म्हणाला नाही. "जा," म्हणाला. बोर्डावर जा की स्टेजवर, ते मी विचारलं नाही.

मांडव भरलेला, पण जादूगारासाठी भरलेला. मला बघून मुलांनी उघड सुस्कारे सोडले. आणि मी गाढवीण. मी पुन्हा साहेबच काढले. दुसरं होतं काय माझ्याकडे? एक बाई विणकाम घेऊन बसली होती, ती टाके मोजायला लागली. ते मला स्टेजवरून ऐकू येत होतं. खरेदीसाहेबांच्या 'समजा'शी आले आणि माझं मलाच ऐकवेना. रिसीव्हर खाली ठेवला. म्हटलं, निदान दोन वाक्यं सरळ बोलून उतरावं.

"गणपतीत मी इथवरच आले होते," मी म्हणाले. "तुम्ही असेच बसला होतात. आणि तेवढ्यात," म्हणून मी तोंडाशी हात धरला आणि वहिनी कशा ओरडल्या ते फक्त दाखवलं. "पानी आलंऽऽऽ."

पुढचं वाक्य तयार होतं. पण ते ऐकायला कुणी उरलं नाही. खुर्च्या पडल्या, विणकामाचा गोळा मांडवभर उलगडत गेला, अध्यक्षांच्या पायात माइकची वायर अडकली नि ते तिच्यासकट चार पावलं पुढे गेले. आवाज कर्ण्यातून गेला होता, त्यामुळे पलीकडच्या सेक्टरातही जिन्यांवर धावपळ ऐकू यायला लागली. मांडवात मी, वायरीत अडकलेले अध्यक्ष आणि माइकवाला. मी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "माझं घर कोपरखैरण्याला आहे, म्हणून थांबलो."

थोड्या वेळाने माणसं परत यायला लागली. कोरडी. एकाच्या हातात रिकामी बादली तशीच होती. ती सगळी येऊन स्टेजसमोर उभी राहिली. बसलं कुणीच नाही. अध्यक्ष खाली वाकले, वायर सोडवली, माइक तोंडाशी धरला आणि विचारलं, "पाणी कुठाय?"

"मी उदाहरण देत होते," मी म्हणाले.

ते वाक्य इतकं बारीक निघालं की माझा खरा आवाज काय आहे, ते मला त्या दिवशी कळलं. मला समोर बोर्ड दिसायला लागला, वायरी दिसायला लागल्या. पाडव्यानंतर कारखान्याची बस किती वाजता, हेसुद्धा मनात येऊन गेलं.

मग तो बादलीवाला बादली पालथी घालून तिच्यावर बसला आणि खांदे हलवून हसायला लागला. आधी आवाज नव्हता. नंतर फुटला. त्याच्या शेजारच्याने त्याला चापट मारली नि तोही हसायला लागला. विणकामवाली आपला गोळा गुंडाळता गुंडाळता इतकी हसली की पुन्हा गुंता झाला. अध्यक्ष रागावल्यासारखं करत होते, पण माइक चालू होता, आणि त्यांचं हसू कर्ण्यातून गेलं.

मागून कुणीतरी ओरडलं, "शिरवण्याची मासेवाली जमते का?"

ती रोज टोपली घेऊन आमच्या जिन्यावरून जायची. मला तिचा आवाज काढावा लागला नाही, तो आपोआप आला. "ए बाय, जिताडा हाय गो. नाय घ्यायचा तं नको घेव, पन उठून बग तं खरी." लोक उभे होते ते खाली बसले. मग दूधकेंद्रावरचा तो, बाटली देताना सुस्कारे टाकणारा. मग आमच्या बसचा कंडक्टर. मग अध्यक्षांचे 'फक्त दोन शब्द', जे गणपतीपासून अजून संपायचे होते. प्रत्येक आवाजाला पहिल्या शब्दातच टाळी. मोठ्या साहेबांची मला आठवणही झाली नाही.

उतरले तेव्हा अंधार पडत आला होता. गर्दीतून तळमजल्यावरच्या वहिनी माझ्याकडेच येताना दिसल्या. त्यांना न विचारता त्यांचा आवाज मी साऱ्या सेक्टरासमोर वापरला होता, वर सगळ्यांना फुकट पळवलं होतं. मी क्षमा मागायला तोंड उघडलं. त्यांनी हाताने थांबवलं. त्यांना अजून धाप लागलेली होती. छातीवर हात ठेवून त्या म्हणाल्या:

"ताई, पाडव्यानंतर तुमी परत त्या फोनवर बसनार, असं सासूबाई सांगत व्हत्या. नका बसू. मी इथंच दुसऱ्या रांगेत व्हते, तोंडात सुपारी, अन् मह्याच आवाजानं उठून मी घरी पळाले. नळाखाली बादली लावली, नळ सोडला, अन् मंग मला सुचलं, की आपन तर ओरडलोच नाय."