अकरा तारीख

टेबलाजवळ कोणी आलं की ती आधी समोरचा कागद पालथा घालायची आणि मगच मान वर करायची. कागदावर काय असायचं? बहुतेक वेळा कँटीनमधल्या पदार्थांची यादी. पण तो पालथा पडल्याशिवाय तिला बोलणं सुचत नसे. आणि तुम्ही काहीही सांगितलंत, अगदी बाहेर ऊन पडलंय एवढंच सांगितलंत, तरी तिचा पहिला प्रश्न ठरलेला होता. "हे तुला कोणी सांगितलं?"

तिचं नाव मी इथे लिहीत नाही. तिला ते अजिबात आवडणार नाही, आणि तिला न आवडणारी एक गोष्ट मी आधीच करून बसले आहे.

कर्वे रस्त्यावरच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमची सॉफ्टवेअर कंपनी होती. त्या काळात पुण्यात दर दोन जिन्यांआड अशी एक कंपनी निघत होती. ती आमच्या टेस्टिंग टीमची लीड, मी तिच्या हाताखाली. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या, हे आमचं काम. थोडक्यात, संशय घेण्याचा आम्हाला पगार मिळे. बाकीचे आम्ही संध्याकाळी तो संशय ऑफिसात ठेवून घरी जायचो. ती बरोबर घेऊन जायची.

एकदा एकाला अमेरिकेचा व्हिसा मिळाला म्हणून त्याने पेढे वाटले. सगळ्यांनी अभिनंदन केलं, हिने पेढा हातात धरून विचारलं, "पासपोर्टवर शिक्का पाहिला का तू?" तो म्हणाला, उद्या येणार आहे. हिने पेढा कागदात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी शिक्का बघितला, मग खाल्ला.

नवरा खडकवासल्याला पाटबंधारे खात्यात होता. साधा, हसरा माणूस. रोज दुपारी फोन करून तो "जेवलीस का?" एवढंच विचारायचा. हिचं उत्तर आम्हा सगळ्यांना पाठ होतं. "तू काहून विचारून राहिला?" एरवी ती पुण्याची मराठी नीट बोलायची, पण नवऱ्याशी बोलताना आणि रागावली की थेट नागपूरला पोचायची.

मी नारायण पेठेतली. खोचक बोलणं आम्हाला वेगळं शिकावं लागत नाही. त्यामुळे एकदा मी तिला विचारलंच, "एवढा संशय घरून घेऊन आलीस की पुण्यात आल्यावर जमवलास?"

ती हसली. म्हणाली, "पुण्यात. पहिल्याच आठवड्यात."

नोकरी लागल्यावर तिने सदाशिव पेठेत एक खोली शोधली होती. फोनवर घरमालकीणबाई म्हणाल्या, "रिकामी आहे, या." ही गेली. बाईंनी पाणी दिलं, गाव विचारलं, पूर्ण नाव विचारलं. आडनाव ऐकल्यावर म्हणाल्या, "अगं, आत्ताच गेली बघ खोली." दोन दिवसांनी हिने एका मैत्रिणीला फोन करायला लावला. तेच वय, तीच नोकरी, तेच गाव. फक्त आडनाव दुसरं. खोली रिकामी होती.

"टेस्टिंग असंच करतात," ती म्हणाली. "एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं."

ती हे हसत सांगत होती. मला हसू आलं नाही. माझी मावशी त्याच गल्लीत राहायची आणि तिच्याकडेही एक खोली भाड्याने देण्याची होती. ती खोली हीच का, हे मी मावशीला कधी विचारलं नाही.

तिला दिवस गेलेत हे आम्हाला पाचव्या महिन्यात कळलं, तेही दिसायला लागलं म्हणून. तेव्हा बाळंतपणाची रजा बारा आठवड्यांची असायची. आधी जितके दिवस घ्याल तितके बाळ झाल्यावर कमी. सासू म्हणत होती सातव्यातच नागपूरला माहेरी जा, रजांचं बघणारी पर्सोनेलवाली बाई रोज तारीख विचारत होती, आणि ही दोघींनाही म्हणत होती, "बघू." कारण तिला आठवा लागेल त्या महिन्याच्या अखेरीला आमचं मोठं काम एका परदेशी ग्राहकाच्या हवाली व्हायचं होतं. ते तिच्या सहीने गेलं असतं तर ती मॅनेजर झाली असती. त्याआधी रजेवर गेली असती तर सही दुसऱ्या कोणाची झाली असती. दीड वर्षं ती त्या कामामागे होती. "ते जाईपर्यंत मी जागची हलत नाही," ती म्हणायची.

आठव्या महिन्यात तिचे पाय सुजले. चपलेचा पट्टा लागेना, म्हणून नवऱ्याची रबरी स्लीपर घालून यायला लागली. दुपारी डोकं दुखायचं. मी म्हटलं, डॉक्टरांना दाखव. तिने मला जिन्यात नेलं, वर खाली पाहिलं आणि हळूच म्हणाली, "दाखवलंय. अकरा तारखेपासून घरी बसायला सांगितलंय. मी बसणार नाही. कोणाला बोलू नकोस."

मला फार बरं वाटलं. तिने आपल्याला गुपित सांगितलं, हे केवढं मोठं! तीन वर्षांत तिने मला स्वतःचा वाढदिवस सांगितला नव्हता.

तीन दिवसांनी कॉफीच्या मशीनपाशी मॅनेजरने विचारलं, "तिची तब्येत कशी आहे गं? मला प्लॅनिंग करायचंय." मी म्हटलं, पाय फार सुजलेत. मग म्हटलं, डॉक्टरांनी अकरापासून आराम सांगितलाय, पण ती ऐकत नाही. मला काळजी वाटत होती, हे खरं आहे. तो म्हणाला, "मग वेळ पडली तर तू सांभाळशील?" मी लगेच "हो" म्हटलं. कॉफीचा कप अजून भरलाही नव्हता. त्या "हो"ची मला आजही लाज वाटते.

सोमवारच्या मीटिंगमध्ये त्याने सर्वांसमोर विषय काढला. "तू अकरापासून नसशील असं ऐकलं. बॅकअप ठरवू या."

"कोणी सांगितलं?"

"ऐकलं."

तिने कोणाकडेही वळून पाहिलं नाही. वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाली, "मी ठणठणीत आहे. उद्या डॉक्टरांचं तसं सर्टिफिकेट आणून देते. मग हा विषय बंद."

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. साडेअकराला माझ्या टेबलावरचा फोन वाजला.

"मला ठेवून घेतलंय दवाखान्यात," तिचा आवाज. "बीपी फार वाढलंय म्हणतात. आजच सिझर करायचंय. ऐक, वेळ नाही. ड्रॉवरची किल्ली कॅलेंडरच्या मागे आहे. सगळ्या फायली तू घे. सही तू कर."

"मी?" मी विचारलं.

"शेजारच्या टेबलवाल्याला मी नऊ तारीख सांगितली होती. पर्सोनेलवालीला दहा. अकरा फक्त तुला."

मी माफी मागायला तोंड उघडलं, पण तिने मध्येच थांबवलं.

"रडू नकोस. म्हणूनच तुला देतेय. तुला लीड व्हायचंय, तर तू चूक होऊ देणार नाहीस. बाकीच्यांना दिलं तर विश्वास ठेवावा लागेल." आणि फोन बंद.

मुलगी झाली. महिनाभर लवकर, जेमतेम पावणेदोन किलोची. पंधरा दिवस काचेच्या पेटीत होती. काम वेळेवर गेलं, एकही चूक निघाली नाही. तिच्या फायलींमध्ये इतकं सगळं लिहून ठेवलं होतं की निघणं शक्यच नव्हतं. वर सही माझी होती. पुढच्याच महिन्यात मी लीड झाले आणि तिची खुर्ची मला मिळाली. नको म्हणायची संधी होती. मी म्हटलं नाही.

रजा संपली त्या दिवशी ती बरोबर नऊला आली. तिला दुसऱ्या, लहानशा कामावर टाकलं होतं, तेही खालच्या मजल्यावर. पाच आठवडे तिने ते निमूट केलं आणि राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी आम्ही कँटीनमध्ये बसलो. तिनेच बोलावलं होतं.

"तुला एक सांगायचं राहिलं होतं," ती म्हणाली. "डॉक्टरांनी कुठलीच तारीख दिली नव्हती. मी तीन आठवडे त्यांच्याकडे गेलेच नव्हते. गेले तर घरी बसवतील म्हणून."

मी हातातला कप खाली ठेवला.

"तू सांगितलंस, म्हणून मला सर्टिफिकेट आणायला जावं लागलं. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस गेले असते तर दोघींपैकी एकच वाचली असती. कदाचित तीही नाही." तिने चहाचा कप दोन्ही हातांत धरला. "तुझे आभार मानायला पाहिजेत. पण मानणार नाही. तू ते आमच्यासाठी सांगितलं नव्हतंस."

"मला काळजी वाटत होती गं," मी म्हटलं. माझाच आवाज मला खोटा वाटला.

"असेल," ती म्हणाली. तिच्या तोंडून, पुरावा न मागता, एवढा मोठा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

नंतर पुष्कळांना मी ही गोष्ट सांगितली आहे. ऐकणारे म्हणतात, अगं, तू दोन जीव वाचवलेस! मला ते ऐकायला आवडतं, म्हणूनच बहुधा सांगते. तुम्ही काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. तिच्याइतकं बारकाईने मला त्यानंतर कोणी पाहिलेलं नाही, आणि तिच्याइतकं कोणी मला आवडलंही नाही.

ती निघाली तेव्हा मी जिन्यापर्यंत गेले. धीर करून विचारलं, "मुलीला बघायला येऊ?"

ती तीन पायऱ्या उतरली होती. थांबली. वळून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, हे मी शपथेवर सांगते.

"ये," ती म्हणाली.

पत्ता तिने दिला नाही, आणि मी विचारला नाही.