लेकी किती?

तिची आई मंगळवारी सकाळी सव्वासात वाजता कोपरीच्या घरी वारली. साडेदहाला तिने ऑफिसात फोन केला. रजेसाठी नाही, बातमी द्यायला.

ठाण्यातल्या आमच्या छोट्या दैनिकात निधनवार्ता तीच घ्यायची. टेंभी नाक्याजवळच्या ऑफिसात आम्ही अकरा वर्षं शेजारी बसलो. अशा बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. लोक फोनवर घाईत सांगतात : पश्चात दोन मुलगे, सुना, नातवंडं. ती तिथेच थांबवायची.

"आणि लेकी किती?"

"अहो, त्या लग्न होऊन गेल्या."

"गेल्या कुठे? किती, ते सांगा."

एका गृहस्थांनी तीन सांगितल्या आणि दहा मिनिटांनी पुन्हा फोन करून चौथी सांगितली. "सापडली का?" तिने विचारलं. आम्ही सगळे हसलो. ती लिहीत राहिली.

तिने नवऱ्याचं घर सोडलं, तेव्हा आईने तिला दार उघडलं नव्हतं. पुढे वडील वारले. आईने स्वतःच्या हाताने बातमी लिहून पाठवली : पश्चात पत्नी, मुलगा, सून. तो कागद तिच्याच टेबलावर आला.

"तुझं नाव घाल की," मी म्हटलं.

"घरच्यांनी दिलंय. आलं तसं छापायचं."

भाऊ पुण्याला गेल्यावर ती डोंबिवलीहून रोज आईसाठी डबा आणू लागली. एकदा मीही सोबत गेले होते. आईने पहिला घास घेतला.

"भाजी बाहेरची का गं?"

"नाही, मी केली."

"तेच म्हटलं."

डबा मात्र रिकामा झाला.

मंगळवारचा फोन मी घेतला. "लिहून घे. आईने कागद करून ठेवलाय," ती म्हणाली आणि वाचू लागली. पश्चात मुलगा, सून, नात.

"आणि लेकी किती?" मी विचारलं.

मागे कुणीतरी हार आणायला सांगत होतं.

"कागदावर नाहीये."

"मी तुला विचारतेय."

"एक," ती म्हणाली.

बुधवारी सहाव्या पानावर बातमी आली : पश्चात मुलगी, मुलगा, सून, नात.

ती कामावर परतली नाही. महिन्याभराने मी तिचा ड्रॉवर रिकामा केला. तळाशी वडिलांच्या बातमीचं कात्रण होतं. शेवटच्या ओळीत, 'मुलगा'च्या आधी, लाल पेनाने शब्द घालायची खूण केलेली होती. शब्द घातलेला नव्हता.