सुंदरीचा आकडा

नंदिगड्डा गावात परशू आणि उमाजी हे दोघे भाऊ एकाच घरात राहत. सुंदरी परशूची बायको, घरातली थोरली सून. उमाजीची बायको चंद्रा धाकटी. १९९१ साली चंद्राच्या तोंडात फोड यायला लागले. बरे व्हायचे, पुन्हा यायचे. मग तिची डावी पोटरी सुजून लाकडासारखी घट्ट झाली. उमाजीनं तिला बेळगावच्या दवाखान्यात नेलं. तिथं दंडावर नुसती सुई टोचली, तर दोन दिवसांनी त्या जागी पिकलेली पुळी आली. तेवढ्यावरून डॉक्टरांनी शिरांचा रोग ओळखला आणि रोजच्या गोळ्या सुरू केल्या.

तेव्हापासून घरात चंद्राचंच सगळं सुरू झालं. सासू रुक्मिणी तिच्या पेजेत तूप घालायची. उमाजी मोसंबी आणायचा. गोळ्यांनी चंद्राचे गाल वाटोळे झाले, तेव्हा शेजारणी म्हणाल्या, "बाळसं धरलंय बघ हिनं." सुंदरीनं आदल्या वर्षी अंगात ताप असताना भात कापलं होतं. तिच्या कपाळाला कुणी हात लावला नव्हता. आता चंद्राचे कपडे धुताना ती ते दगडावर जरा जास्तच जोरानं आपटायची.

पुढच्या खेपेला उमाजीला लाकूड डेपोतलं काम सुटेना, म्हणून चंद्राबरोबर सुंदरी गेली. तपासणी झाल्यावर ती डॉक्टरांना म्हणाली, "माझंबी अंग दुखतंय. माझंबी रगत बघा."

डॉक्टरांनी दोघींच्या चिठ्ठ्या लिहिल्या.

रक्त तपासणाऱ्यानं दोन बारीक काचेच्या नळ्या शेजारी शेजारी उभ्या केल्या आणि तासभर थांबायला सांगितलं. सुंदरी त्यांच्यावरून नजर हटवेना. चंद्राच्या नळीतलं लाल खाली खाली बसत गेलं, वर पिवळं पाणी राहिलं. सुंदरीचं जेमतेम हललं. तासाभरात लाल किती खाली उतरलं, त्याचा चंद्राचा आकडा आला ब्याण्णव, सुंदरीचा बारा.

"म्हंजे माझ्यात काय न्हाईच?" तिनं डॉक्टरांना विचारलं.

"काही नाही, बाई. आत सूज असली की रक्त असं भराभर खाली बसतं. चंद्राचं शरीर तिच्या स्वतःच्याच शिरांशी भांडतंय. शीर आतून सुजते, तिथं रक्ताची गाठ धरते. तुमचं दुखणं कामाचं आहे. विश्रांती घ्या."

"ते विश्रांतीचं कागदावर लिवून द्या."

डॉक्टरांना ती थट्टा वाटली. चंद्रा तोवर बाहेर बाकावर जाऊन बसली होती. मग ते गंभीर होऊन म्हणाले, "चंद्राचा आकडा अजून खाली आलेला नाही. गोळ्या एक दिवससुद्धा चुकवायच्या नाहीत. घरी सांगा."

परतीच्या बसमध्ये चंद्रा तिच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. सुंदरी खिडकीबाहेर बघत राहिली. काचेच्या नळीतसुद्धा हीच पुढं, असं तिच्या मनात येत होतं.

घरी रुक्मिणीनं विचारलं, "डॉक्टर काय म्हणालं?"

"बरी हाय म्हणालं," सुंदरी म्हणाली.

एवढंच. चंद्रालाही बरी व्हायची घाई होती. गोळ्या संपल्या, त्या पुन्हा आणायचं कुणी मनावर घेतलं नाही. चंद्रा भाताची रोपं लावायला शेतात उतरली. पंधराव्या दिवशी तिचा उजवा पाय मांडीपर्यंत सुजला, तिला बांधावर पाय टेकवेना. माणसं जीप मिळते का बघायला धावली. तेव्हा सुंदरी उमाजीला म्हणाली, "भावोजी, डॉक्टरनं गोळ्या बंद करू नका म्हणून सांगितलं हुतं. मी बोलले न्हाई."

उमाजीनं तिच्याकडे पाहिलं आणि तो जीपमध्ये चढला. दोन महिने तो तिच्याशी बोलला नाही.

चंद्रा वाचली. पाय मात्र जड राहिला. चढावर तिला मध्येच बसावं लागे. एका दुपारी दोघी दारात चिंचा सोलत होत्या.

"मला तुजा लई राग यायचा," सुंदरी म्हणाली. "सगळी तुझ्याकडंच बघायची. म्हणून गप बसले."

चंद्रानं सोललेली चिंच टोपलीत टाकली. मग म्हणाली, "अक्का, मलाबी येतोय तुजा राग. तू डोंगर चढून येतीस, घाम पुसतीस, पुन्हा कामाला लागतीस. मी दारातनं बघते."

 चंद्रानं माफ केलं की नाही, ते सुंदरीला कळलं नाही. त्यानंतर जवळच्या रामनगरला जाऊन महिन्याच्या गोळ्या तीच आणायची, आणि चंद्रानं समोर गिळल्याशिवाय उठायची नाही.