दाव्यातलं लग्न

अपघात झाला तेव्हा रस्त्यावर सांडलेलं सगळं रक्त माझं नव्हतं. मी शहरातल्या एका लहानशा पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. सकाळी स्कूटीवरून वाळूजच्या कामगार वसाहतींत फिरायचं, घरोघरी जाऊन नमुने घ्यायचे आणि उन्हं चढायच्या आत लॅबमध्ये आणून द्यायचे, हे माझं काम. त्या दिवशी नमुन्यांचा डबा पायाशी ठेवून मी परत येत होते. गोलवाडी फाट्यापाशी मागून आलेल्या एका पिकअप टेम्पोनं मला उडवलं. डबा चाकाखाली गेला, नळ्या फुटल्या आणि डांबरावर एवढं रक्त पसरलं की जमलेली माणसं "गेली, गेली" म्हणून ओरडायला लागली. मी शुद्धीवर होते. डावा पाय बघायची हिंमत होत नव्हती. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: नमुने उपाशीपोटीचे होते, आता त्या सगळ्यांना पुन्हा उपाशी राहावं लागणार.

नडगी दोन ठिकाणी मोडली होती आणि घोट्याचा चुरा झाला होता. आत रॉड बसवला, स्क्रू बसवले. डॉक्टर म्हणाले, चालशील, पण घोटा पहिल्यासारखा वाकणार नाही. लॅबच्या मालकांनी एक पगार घरी आणून दिला, तब्येतीची चौकशी केली आणि जाताना माझ्याकडची लॅबची बॅग मागून नेली. माझ्या जागी दुसरी मुलगी आली होती.

मी वॉकरवरून काठीवर आल्यावर बाबांनी वकील गाठला. कोर्टाजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर त्यांचं ऑफिस होतं. वयस्कर मुस्लिम गृहस्थ. त्यांच्या तोंडी मराठी आणि दखनी एकाच वाक्यात नांदायच्या. माझ्यासाठी ते स्वतः जिना उतरून खाली आले आणि झेरॉक्सवाल्याच्या बाकावरच कागद पसरून बसले. मी, आई आणि बाबा समोर.

"देखो बेटा," ते म्हणाले, "कोर्ट पाय परत देत नाही. कोर्ट पैसे देतं. आणि ते असे एकगठ्ठा मागायचे नसतात. कशाकशाचे पाहिजेत ते अलग अलग सांगावं लागतं."

मग त्यांनी समजावलं. दवाखान्याचा आणि औषधांचा खर्च, त्याची बिलं होती. घरी बसल्यामुळं बुडालेला पगार. पुढं आयुष्यभर कमाई जेवढी घटणार ती, आणि सगळ्यात मोठं भांडण तिथंच होणार, कारण टेम्पोची विमा कंपनी म्हणणार की मुलगी खुर्चीवर बसून काम करू शकते. रॉड काढायचं ऑपरेशन. रिक्षा, खुराक, आणि आई एवढे महिने माझं उठणंबसणं बघत होती त्याचेही.

"माझे कशाला?" आई दचकून म्हणाली. "पोटच्या लेकीचं करायचे पैसे घेऊ का मी?"

"घ्यायचे, भाभी. बाई ठेवली असती तर दिलेच असते ना?"

मग भोगलेल्या वेदनांचे. आणि त्यानंतर, जगण्यातलं जे सुख गेलं त्याचे. वकीलसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "आधी काय करायचीस जे आता होत नाही? सोचके बता."

मी म्हणाले, मांडी घालून बसता येत नाही. पंगतीत मला म्हाताऱ्यांच्या रांगेत खुर्ची देतात. बस निघाली की पळता येत नाही. आणखी एक होतं, पण बाबांसमोर जिभेवर येईना. गावी काकांकडं जुन्या पद्धतीचा संडास आहे, तिथं मला बसता येत नाही, म्हणून मी गावी जाणंच सोडलं होतं. ते मी नंतर वकीलसाहेबांना फोनवर सांगितलं. त्यांनी नुसतं "लिहितो" म्हटलं आणि पुढं काही विचारलं नाही. मला ते बरं वाटलं.

शेवटी ते म्हणाले, "आणि लग्न. अविवाहित मुलगी आहे. लग्नाची शक्यता कमी झाली, त्याचेही कोर्ट देतं."

आईचा चेहराच उतरला. "ते नका लिहू, वकीलसाहेब. बाकी काय पण लिहा."

"भाभी, कायद्यात आहे."

"असू द्या. आपल्याच हातानं लिहून द्यायचं का, की आमच्या पोरीला कुणी करणार नाय म्हणून? कुणी वाचलं तर?"

वकीलसाहेब माझ्याकडं बघत राहिले. दावा माझा होता, सही माझी लागणार होती. आत्ता गाळलं तर पुढं घालताना त्रास होईल, असं ते म्हणाले. मी सही केली.

त्यानंतर माझ्या घरात बरं होण्याचीच भीती राहायला आली. फिजिओथेरपीवाली मुलगी म्हणायची, काठी सोड, चाल, घोट्यावर भार दे. आणि येणारंजाणारं माणूस म्हणायचं, कोर्टात तरी जरा जास्त लंगड बरं का. अपंगत्वाचे टक्के काढायला सरकारी दवाखान्यात गेलो तेव्हा डॉक्टर माझा घोटा वर-खाली करून मोजत होते आणि मला घाम फुटला होता. टक्के कमी आले तर दावा पडणार. जास्त आले तर पाय खरंच गेला. दोन्हीपैकी काय मागावं हे मला देवालाही सांगता येईना.

एकदा आमच्या कॉलनीत मोटारसायकलवर एक माणूस आला. खालच्या किराणा दुकानात त्यानं माझ्याबद्दल विचारलं. ती पोरगी स्कूटी चालवते का? एकटी बाहेर पडते का? दुकानदारानं वर येऊन सांगितलं. विमा कंपनीचा असेल, असं वकीलसाहेब म्हणाले. "डरना नहीं. जशी आहेस तशी राहा."

पण जशी आहे म्हणजे कशी? रस्त्यावर मोटारसायकलचा आवाज आला की माझा पाय आपोआप जास्त ओढला जायचा. मग मला लाज वाटायची आणि मी मुद्दाम ताठ चालायचे. मग वाटायचं, आत्ताच कुणी फोटो काढला असेल तर? काही दिवसांनी माझी खरी चाल कोणती हेच मला कळेनासं झालं. घरात एकटी असतानासुद्धा मी कुणीतरी बघत असल्यासारखी चालायचे.

त्यातच स्थळ आलं. मुलगा सिल्लोडच्या एका पतसंस्थेत क्लार्क, माणसं अजिंठ्याकडची. मध्यस्थ आमचे लांबचे नातेवाईक. आईनं त्यांना "पायाला फ्रॅक्चर झालं होतं, आता बरंय" एवढंच सांगितलं होतं. कोर्टाचं तर अक्षर काढलं नव्हतं. आणि तिकडं कोर्टात माझ्या उलटतपासणीची तारीख लागली होती.

पाहुणे यायच्या दिवशी आईनं सगळं ठरवून ठेवलं. त्यांच्या आधीच मी खुर्चीत बसायचं. चहा, पोहे ती आणणार. ते उठून गेले की मगच मी उठायचं. "थोडा वेळ बस माय," ती माझी साडी पायावर नीट ओढत म्हणाली. मला तिचा राग यायला हवा होता, पण आला नाही. ती माझ्याहून जास्त घाबरली होती.

मुलगा, त्याची थोरली बहीण आणि दाजी आले. बोलणं पावसापाण्यावर, शिक्षणावर चाललं होतं. मी खुर्चीला चिकटून बसले होते. घोट्याला रग लागली होती, पण हलवायची भीती. बहिणीची नजर फिरत फिरत माझ्या साडीच्या काठाशी यायची आणि परत जायची. शेवटी दाजीच म्हणाले, "पोरापोरींना दोन शब्द बोलू द्या की." आई घाईनं म्हणाली, "आतल्या खोलीत बसा." मी म्हणाले, "गच्चीवर जातो."

गच्चीला जिना चढावा लागतो. आईनं माझ्याकडं पाहिलं ते मी अजून विसरलेले नाही. मी कठडा धरून चढले, दर पायरीवर आधी उजवा, मग डावा. तो मागं होता आणि घाई न करता येत होता. वर पोचल्यावर मी धापा टाकत त्याला सगळं सांगून टाकलं. रॉडचं, घोट्याचं, दाव्याचं. "आणि मी कोर्टात लिहून दिलंय," मी म्हणाले, "की या पायामुळं माझं लग्न होणं अवघड झालंय."

मग त्यानं विचारलं, "म्हंजे मी व्हय म्हटलं तर तुमची केस पडते का?"

मला हसू आलं. "मला नाही माहीत," मी म्हणाले. "पण तुम्ही त्याचा विचार करू नका."

"नाय, विचार तर करावा लागंल," तो म्हणाला. चेष्टा करत नव्हता. "घरी बोलून कळवतो."

त्यांचा निरोप यायच्या आतच तारीख आली. आईनं काठी हातात दिली, मी ती ठेवून दिली, दारापर्यंत गेले आणि परत येऊन घेतली. कोर्टाच्या व्हरांड्यात वकीलसाहेबांनी एवढंच सांगितलं, "जेवढं विचारलं तेवढंच. आणि खरं."

विमा कंपनीचे वकील तरुण होते, आवाज एकदम मऊ. हेल्मेट होतं का, लायसन्स होतं का, डबा पायाशी असल्यामुळं तोल गेला असं म्हटलं तर? बसून करायची कामं करता येतात ना? मी उत्तरं देत गेले. मग ते म्हणाले, "अपघातानंतर तुमच्यासाठी स्थळ आलं, हे खरं आहे?"

यांना कुणी सांगितलं? की नुसताच खडा टाकून बघताहेत? मला काही कळेना. मागं बाकावर आई बसली होती. "खरं आहे," मी म्हणाले.

"त्यांनी नकार दिला?"

"अजून काही कळवलं नाही."

"म्हणजे पायामुळं लग्न मोडलं, असं तुम्ही म्हणू शकत नाही."

"नाही."

ते खाली बसणार होते. न्यायाधीश वर बघून म्हणाले, "तुम्हाला यावर काही सांगायचंय?" मी काठी घट्ट धरली. "साहेब, आलेल्या माणसांना मला आधी पाय सांगावा लागला," मी म्हणाले. "पूर्वी मला काही सांगावं लागलं नसतं."

त्यांनी ते टाइप करणाऱ्या बाईंना सांगितलं. माझंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून, जरा सरळ करून, कोर्टात पुन्हा ऐकू आलं.

मग सिल्लोडचा नकार आला. मध्यस्थांकडून, "पत्रिका जुळत नाही" म्हणून. पत्रिका तर त्यांनी आधीच पाहिली होती. त्याच संध्याकाळी मुलाचा स्वतःचा फोन आला. म्हणाला, "मी घरी लई समजावलं. ताई ऐकत नाय." मी "बरं" म्हणाले. आई स्वयंपाकघरात भांडी आपटत रडली. बाबांनी वकीलसाहेबांना फोन केला तेव्हा स्पीकर चालू होता. "अच्छा, नकार आला? केसच्या दृष्टीनं..." असं म्हणून ते थांबले. मग म्हणाले, "बेटीला सांगा, मी वाईट बोललो."

निकालाला आणखी बरेच महिने गेले. त्या काळात फोन वाजला की मी आधी घाबरायचे, मग उचलायचे. निकाल लागला त्या दिवशी वकीलसाहेब पेढे घेऊन आमचा जिना चढून आले. बरंचसं मंजूर झालं होतं. कमाईचं म्हणणं कोर्टानं मानलं होतं, कारण पायऱ्या चढणं आणि गाडी चालवणं हेच माझं काम होतं. आईनं केलेल्या सेवेचेही धरले होते. रकमेचा मोठा भाग बँकेत ठेव म्हणून ठेवायचा होता. बाबा डोळे मिटून बसले होते. कितीतरी दिवसांनी त्यांचे खांदे सैल दिसले.

आई दारातच उभी होती. तिनं विचारलं, "अन् ते? लग्नाचं?"

वकीलसाहेबांनी निकालाचं पान उलटलं, बोट ठेवलं आणि आकडा वाचला.

"एवढंच?" आई म्हणाली. "माझ्या लेकीच्या लग्नाचे एवढेच?"

आधी वकीलसाहेब हसले, मग बाबा. आई मात्र हसली नाही. तिला खरंच अपमान वाटला होता, आणि तो माझ्या बाजूनं वाटला होता.

आता मी सिडकोतल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये आहे. तळमजला, टेबलावरचं काम, नमुने माझ्याकडं चालत येतात. रॉड काढून झाला. स्थळं येतात, कधी पुढं जातात, कधी नाही. मी स्वतः दार उघडायला जाते, त्यामुळं सांगण्याचं काम निम्मं होतं. स्कूटी मात्र विकून टाकली. वाळूजकडं जावंच लागलं तर बसनं जाते, खिडकीपासून लांब बसते, आणि मागून टेम्पोचा हॉर्न ऐकू आला की समोरच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरते.